खिशातून आलेली अक्षरं

कालिरोई : हिशेब साधा आहे, पोलिख्रोनिस. तळघरातलं हे छपाईच्या खिळ्यांचं शिसं त्या कोळी स्ट्रातिसला दिलं, तर उन्हाळाभर दर शुक्रवारी टोपलीभर तारली दारात. वर माझ्या तेलाच्या डब्यांना जागा. आणि नाही दिलं, तर काय? पस्तीस वर्षं मुकी बसलेली अक्षरं.

पोलिख्रोनिस : मुकी नाहीत. त्यांना कुणी विचारलं नाही, एवढंच.

मिर्सिनी : मी विचारतेय ना, काका! मावशी, स्ट्रातिसला संध्याकाळपर्यंत थांबव.

कालिरोई : तो गाडा घेऊन फाटकात उभा आहे. जाळ्यांना वजनं ओतायचीत त्याला. मासे काय तुझ्या कॉम्प्युटरसाठी थांबणार?

मिर्सिनी : अथेन्सचे प्रकाशकही थांबत नाहीत. आपल्या बेटावरच्या गाण्यांचं पुस्तक त्यांना जुन्या अक्षरांत हवंय, डोक्यावरच्या सगळ्या उच्चारखुणांसकट. दोन वर्षं खपून कॉम्प्युटरवर काढली मी ती अक्षरं. आज उत्तर आलं, ‘अक्षरं सुजल्यासारखी दिसतात.’ संध्याकाळपर्यंत सुधारलेला नमुना गेला नाही, तर दुसऱ्याची घेणार.

पोलिख्रोनिस : बघू. हं... प्रकाशकाला डोळे आहेत म्हणायचे. हा ओमेगा बघ, लग्नातनं जेवून आल्यासारखा! कशावरून काढलास?

मिर्सिनी : तुम्ही खिळे जुळवायचात त्याच छापखान्याच्या जुन्या पुस्तकावरून. शंभर वर्षांपूर्वीचं. पान मोठं करून, रेघ न् रेघ.

पोलिख्रोनिस : मग तू अक्षर नाही काढलंस, पोरी. शाई काढलीस. तेव्हा कागद ओला करून दाबत; शाई पसरायची. अक्षराचा मूळ साचा कापणाऱ्यानं ते धरूनच अक्षर बारीक ठेवलं होतं. तू ती पसरलेली शाई त्याच्या माथी मारलीस.

मिर्सिनी : दोन वर्षं मी शाई गिरवत बसले?

कालिरोई : छान. आणि इथे माझी तारली हातची चालली.

पोलिख्रोनिस : तो तिसरा खण ओढ, मिर्सिनी. कालिरोई, ईस्टरची मेणबत्ती आण.

कालिरोई : ती? देवळातून घरापर्यंत विझू न देता आणलीय मी. तिच्या काजळीनं दारावर क्रूस काढला आपण. देवाची मेणबत्ती आहे ती!

पोलिख्रोनिस : काढला ना? क्रूस पसरला का कुठे? मग ओमेगाही पसरणार नाही. आण. मिर्सिनी, अक्षर चिमट्यात धर. ज्योतीच्या टोकावरून फिरव. आता कागदावर टेकव. अगं रेंगाळू नकोस, वितळलं तर स्ट्रातिसचंच काम होईल!

मिर्सिनी : काका... किती सडपातळ आहे हा! आणि वरच्या खुणा, पापणीचे केस जणू.

कालिरोई : सरक, मला बघू दे. ... आपल्या लग्नपत्रिकेवर हीच अक्षरं होती.

पोलिख्रोनिस : मीच जुळवली होती. तुझं नाव तीनदा मोडून परत जुळवलं.

कालिरोई : गोड बोलू नकोस. ब्याऐंशी साली सरकारनं एक सोडून बाकी खुणा रद्द केल्या, तेव्हा छापखान्याच्या मालकानं ही तुला बक्षीस दिली म्हणालास.

पोलिख्रोनिस : मालकानं वितळवायला सांगितली होती. मी रोज दोन खिसे भरून घरी आणली. वर्षभर.

कालिरोई : म्हणून! दर शनिवारी फाटके खिसे! मी म्हणायची, हा माणूस दगड घेऊन हिंडतो की काय.

(संध्याकाळ. तेच तळघर. काजळीच्या ठशांवरून आठ अक्षरं नव्यानं काढून पाठवली आहेत.)

मिर्सिनी : आलं! ऐका, ‘हीच हवीत. अख्खं पुस्तक याच अक्षरांत छापतो. पुढची तीन पुस्तकंही.’ काका!

पोलिख्रोनिस : परत वाच.

मिर्सिनी : परत? बरं. ‘हीच हवीत...’ आणि विचारलंय, शेवटच्या पानावर अक्षरांचं श्रेय कुणाला द्यायचं?

पोलिख्रोनिस : कापणाऱ्याचं नाव कुणालाच ठाऊक नाही. तुझं घाल.

मिर्सिनी : वाचवली तुम्ही.

कालिरोई : थांबा. आधी कुणी काय दिलं ते बघू. शिसं मालकाचं गेलं, त्याला कळलंही नाही. स्ट्रातिसची वजनं गेली. त्याला मी दोन डबे तेल देऊन वाटेला लावलाय. पोरीची दोन वर्षं गेली. माझी तारली गेली, तळघर गेलं, ईस्टरची मेणबत्ती निम्मी झाली.

पोलिख्रोनिस : आणि मी?

कालिरोई : तू काय दिलंस? खिसे फाडलेस. शिवले मी.