सायकलची घंटी

भोकरदनच्या स्टँडवर जालन्याच्या गाडीची वाट पाहत गोजरबाई बसली होती. मागच्या बाकड्यावर बहीणभाऊ बोलत होते. परक्याचं बोलणं ऐकू नये म्हणतात, पण कानाला कुठं झाकण असतं?

“आरं कल्याण, आत्याचं तीर्थपुरी शंभर किलोमीटरच्या वर हाये. सायकलवर, पांदीच्या कच्च्या वाटंनं, अन् एका दिवसात?”

“दादा जायचेच ना आक्का, दर दिवाळीला आत्याकडं.”

“दादा मधी मुक्काम करायचे.”

“मला बापाचं सुतक हाये. लोकाच्या शेतातल्या आखाड्यावर, त्यांच्या छपरात कसा निजू?”

“मंग मोटरसायकल घे, डांबरीनं जा.”

“डांबरीवर कोण हाये आपलं? दादाला भाकर देणारे, पाणी पाजणारे समदे पांदीच्या कडंला. एकाचाबी फोन नंबर न्हाई. दादा गेले म्हणून त्यांना कोण सांगंल?”

“पांदीत चिखल असंल.”

“म्हणून तर सायकल. खांद्यावर तरी घेता येती.”

“वाट घावंल का?”

“ल्हानपणी दांडीवर बसून गेल्तो की. दहाव्याला ते न्हाई आले तरी चालंल, आक्का. पण दिवाळीत वाट पाहत बसू नये त्यांनी.”

मागं घंटी किणकिणली. गोजरबाईनं मागं वळून पाहिलं नाही.

“दादाचीच सायकल नेतो. ही घंटी तेवढी तुझ्यापाशी ठेव.”

“का रं काढली?”

“लिंबाखालच्या आखाड्यावर एक म्हातारी हाये. घंटी ऐकली की तांब्या भरूनच बाहेर येती.”