पिंपळझिऱ्याला कुणी चढत नाही

हॅलो? … हो, वृंदाच बोलतेय. … बाबा? तुम्ही? ऑफिसच्या फोनवर? … फक्त फोन करायला तालुक्याला आलात? … अहो, बाळ बरं आहे. इथं दिल्लीत, मुनिरक्यातच शेजारच्या अलकनंदाबाईंकडे ठेवून येते. … हो, दात येतायत. … बाबा, पटकन बोला, इथं सगळे बसलेत.

काय? … आज छत्तीस तिकिटं विकलीत? पिंपळझिरा हॉल्टवर? … शाळेच्या पोरींनाही लावलं तिकीट? … हो, हो… अहो, ऐका ना! आता काय उपयोग? माणसं मोजायचा पंधरवडा मागच्या महिन्यातच संपला. गाड्या बंद करायची यादीसुद्धा झाली. आता मोजायला कुणी येणार नाही.

… तिकिटाला पैसे नाहीत म्हणून सात जणी परत गेल्या? … दिनकरकाकांची धाकटीसुद्धा? … बरं. बरं. रडू नका हो, बूथवाला बघत असेल.

जी सर? … नहीं सर, कोई नहीं, गाँव के कोई जान-पहचान वाले हैं। बस दो मिनट, सर।

… काही नाही, साहेब होते. … ऐकू गेलं? … इथं तसंच सांगावं लागतं, बाबा.

मला एक सांगा. मोजणीवाले आले तेव्हा त्यांना पोहे करून घातलेत? … घातलेत ना? आणि वर छाती फुगवून सांगितलंत, 'आमच्या हॉल्टवर पोरींना तिकीट लागत नाही, सरकारची गाडी म्हणजे आपलीच गाडी'? … अहो, कौतुक कसलं! लिहून नेलं त्यांनी. परवा मीटिंगमध्ये साहेबांनी वाचून दाखवलं, म्हणाले, 'किसी ने स्टेशन को धर्मशाला बना रखा है।' सगळे खो खो हसले. … मी? … मीही हसले. काय करणार होते?

… नाही, तुम्ही माझे वडील हे नाही सांगितलं.

… कबूल. तोटा सोसायलाच तर सरकार आहे. पण सरकार पैसे देतं ते माणसांसाठी, आणि इथं माणूस म्हणजे तिकीट. तिकिटं फाडायचं काम तुमचं. रोज चाळीस पोरी चढतात आणि कागदावर तीन माणसं. … हो, तीन. बिल्कुल रिकामी गाडी. … कागद म्हणतो तसं!

… फाइलवर शेरा कुणी लिहिला? … कशाला आता ते? … 'प्रवासी नगण्य. अनुदान चालू ठेवण्याचे कारण दिसत नाही.' … मी लिहिला. टेबल माझं आहे.



… हो. सहा वर्षं. मीही शाळेला त्याच गाडीनं, बिनतिकीट. … विसरले नाही.

… काय लिहू? … तुमचं नाव? … थांबा, म्हणजे 'हॉल्टचे तिकीट-एजंट दत्तात्रय काळमेघ यांनी रोज चाळीस मुलींना बिनतिकीट सोडलं' असं फाइलवर? … माणसं आहेत हे तरी दिसेल म्हणून? … अहो, एजन्सी जाईल! खटला भरतील, वयाचा विचार करा. … चालेल? … पोरींची गाडी राहिली की चालेल?

… फाइल संध्याकाळपर्यंत माझ्याकडेच आहे. … हो, जोडता येईल. तुमची तार आली तरी पुरे. … साहेब कदाचित मानतीलसुद्धा.

नाही, बाबा.

… कारण या अख्ख्या इमारतीत काळमेघ एकच आहे. लग्नानंतरही सर्व्हिस बुकात तेच नाव ठेवलंय मी. वाचलं की सगळ्यांना कळेल. … मार्चमध्ये प्रमोशन आहे माझं. … नाही, तार करू नका. केलीत तर मी ती लावणार नाही. … हो, बरोबर ऐकलंत.

आणि उद्यापासून पोरींकडे तिकीट मागू नका. महिनाअखेरपर्यंत आहे गाडी, तोवर जाऊ दे त्यांना शाळेत. … गावात विचारतील तर सांगा, वरून आलंय. … नाही, वृंदा तिथं बसते हे नका सांगू. … बरं. ठेवते.