सहाणेवरचं तापाचं औषध

तुम्ही हसाल, पण त्या दिवशी माझा जीव थाऱ्यावर नव्हता. आमचा रुद्र आठ महिन्यांचा, तापाने फणफणलेला, आणि पाजलेलं सिरप लगेच उलटून टाकायचा. म्हणून पनवेलच्या डॉक्टरांनी मेणासारख्या मऊ दोन कांड्या दिल्या. त्या फ्रिजमध्ये ठेवायच्या आणि ताप चढला की एक शीच्या जागेतून आत सरकवायची. घरी आले तर सासरे समोरच बसलेले. त्यांच्यापुढे हे कसं बोलणार? सासूबाईंना एवढंच म्हटलं, "तापाचं औषध फ्रिजमध्ये ठेवलंय."

दुपारी कपडे वाळत घालून आले, तर सासूबाई सहाण घेऊन बसलेल्या. बाळगुटी उगाळतात तशी कांडी उगाळत होत्या.

"अगो, यो कसला औषद? आठ महिन्यांचा पोर म्हनून आठ वलसे दिले, पन उगलत नाय. लोन्यावानी पसरतंय नुसता."

"आई, पाजलं का त्याला?" मी धावतच पुढे झाले.

"नाय गो, चमचा आनाया उठतच व्हते."

मी सहाण ओढून घेतली आणि औषध कुठून द्यायचं ते त्यांच्या कानात सांगितलं.

"मंग सकाली सांगाया काय झालता?"

"मामंजी होते. लाज वाटली."

त्या उठल्या, फ्रिजमधून दुसरी कांडी काढली आणि रुद्रला मांडीवर पालथा घेतला.

"लाजायचा तं या पोरानं लाजावा. तू कशाला लाजतेस?"