माहेरचा मळा आणि नवीन कंपायलर

—आणि ही फाइल पुण्याच्या मित्राकडून आणलीस? पेन ड्राइव्हवर? शी! स्वप्नील, तू माझाच विद्यार्थी ना रे, आता या अमळनेरच्या कॉलेजात माझ्याच शेजारी खुर्ची टाकून सर म्हणवून घेतोस – विरजण आहे का हे, शेजारून वाटीभर मागून आणायला? गणिताची मूळ लायब्ररी सगळ्यांची एकच, मान्य – मोटर तीच – पण कपलिंग? ते ज्याच्या त्याच्या पाइपाच्या मापाचं! आपला फोरट्रानचा प्रोग्रॅम आणि ती लायब्ररी यांच्यामधली ही इंटरफेस लायब्ररी आपल्याच कंपायलरने – जो आपला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवतो त्यानेच – बांधायची असते. मित्राचा कंपायलर वेगळा, त्याची फाइल आपला वाचतच नाही. आणि मुळात चांगला चालू कंपायलर बदलायला तुला सांगितलं कोणी? नवीन दिसलं की लागलीच पाहिजे! किळस येते मला या हौसेची.

सरक. मीच बांधते. तिचा सोर्स कोड मूळ लायब्ररीसोबतच येतो, एक कमांड द्यायची – हो, एवढंच – पण वाचायला नको ना कोणाला! उद्या माझ्या माहेरची माणसं येतील, पाझर तलाव कुठं खोदायचा, या प्रोग्रॅमचं उत्तर काय आलं ते विचारायला. काय सांगू, स्वप्नीलसरांनी कंपायलर बदलला? … नाही, जुन्या कंपायलरवर काढलेलं उत्तर नाही देता येत. का म्हणजे? चुकला असेल तो. चुकतो कधी कधी. … असा बघू नकोस.

बरं, नाही चुकत. शेवटच्या आकड्यात फरक पडेल, जागेत नाही, मीच शिकवलंय तुला. जुन्या उत्तरात तलाव तोतारामच्या मळ्यात येतो. तोताराम माझा धाकटा भाऊ – तेवढाच मळा आहे त्याला. परवा मळा जाईल या धास्तीने फोनवर रडला – "अक्का, मना मळा सोडीसन देख ना!" माझा मळा सोडून बघ म्हणे – आणि मी, गणितात डॉक्टरेट केलेली बाई, तेव्हापासून देवाला हात जोडतेय, की नवीन कंपायलरने तलाव जरा शेजारच्या शेतात सरकू दे. शेजारच्याला काय पोरंबाळं नाहीत? शी! तुझ्या हौसेचं काय घेऊन बसले मी, मला माझीच किळस येते.

झाली बांधून. एकही एरर नाही. चालव आता – तू दाब, माझा हात नको.

…

तोच गट नंबर. तोच मळा.

नको, परत नको चालवूस. प्रिंट काढ, टेबलावर ठेव आणि जा घरी. … काही बोलू नकोस, म्हटलं ना! जाताना दार ओढून घे – मला भावाला फोन करायचाय.