अंजिराले लावलेलं तेल

माहं माहेर बार्शीटाकळीकडचं अन सासर हे पातूरजवयचं, पस्तिशी उलटली असंन आता, जलमसाल कोनी लिहून ठेवलं नाही. तिकडेही रोजमजुरी अन लगन होऊन आली तं इकडेही रोजमजुरीच. नवरा जिनिंगात कामाले, अन घरात सासरा, म्हातारा पन ताठ मानूस. बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या साली त्यानं सोताच्या हातानं देव्हाऱ्यातले टाक काढले, त्याच्या मायनं देल्लेले टाक होते ते, नदीत नेऊन सोडले अन म्हने आजपासून या घरात कोनी दगडाले नाहीतं झाडाले हात जोडन तं त्याचं माहं नातं संपलं. मले मात्र लेकीवानी पाहे. भाकर त्याले माह्याच हातची लागे.

मी कामाले जाओ बागवान चाचाच्या बगीच्यात. मुसलमान मानूस, मोठा मायाळू, संत्र्याचा बगीचा अन कोपऱ्यात चार अंजिरं. त्यानं मले अंजिराची एक फांदी देल्ली, म्हने लगा दे बेटी, पर ये देर से पकता है, सबर रखना. लावली अंगनात. तिसऱ्या वर्सी फयं धरली. पन काय सांगू तुमाले भाऊ, चैत गेला, वैशाख सराले आला, फयं हिरवीगार, टनक, जशीच्या तशी. मिरगाचं पानी पडलं का अंजीर उलते अन आंबते, मंग ढोरंही तोंड लावत नाही. म्या चाचाले पुसलं. तो म्हने पानी देनं बंद कर, अन फयाच्या बुडाशी बारीक भोक असते ना, त्याले डोया म्हनते, त्या डोयावर लाली आली का काडीनं तिळीच्या तेलाचा एकच थेंब ठेव, आठ दिवसांत पिकते. लाली यायच्या आंधी लावशीन तं फय वायून जाईन. म्या घाई केलीच, पाच फयं वायून गेली, मंग अक्कल आली.

मंग एका सांजीले लाली पाहून पाहून बसली वाटी घेऊन. नेमका शनवार, मले भानही नाही. अन अंजीर तं दिसते उंबरासारखंच. शेजारची गोदा कुडाच्या पलीकडून पाहून राहिली होती. तिनं जाऊन सासऱ्याले सांगतलं, तुमची सून झाडाले तेल वाहून राहिली, हात जोडून राहिली.

सासरा आला, म्हने काहून. म्या म्हनलं फयं पिकवाले. तो म्हने तेलानं फय पिकते? ते काय भजे आहेत? म्या म्हनलं मामाजी, पूजा नाही केली. तो म्हने गोदानं तुले हात जोडतानी पायलं. म्या म्हनलं गोदा खोटी बोलते. त्यानं आयकून घेतलं अन त्या दिवसापासून माह्या हातची भाकर सोडली. सोता चूल पेटवे, सोता थापे, करपलेली खाये. मी समोर बसून राहो. कुऱ्हाड आनून झाडाशी टेकवली त्यानं.

म्या म्हनलं मामाजी, तोडा झाड, पन आठ दिवस द्या. त्यानं झाडाची फयं मोजली. मंग म्हने दहा फयाले तेल लाव, दहा राहू दे, मी सोता पायतो. खूण म्हनून दोरा बांधाले गेली तं म्हने दोरा नाही, वडाले गुंडायते तसा दोरा माह्या अंगनात नाही पायजे. मंग जवयच्या पानायवर कोयशाचे ठिपके केले. रातंदिवस बाज टाकून झाडाखालीच बसला तो, मले झाडाजवय येऊ देत नव्हता.

सातव्या दिवशी सकायी तेल लावलेली फयं नरम पडून, मान टाकून लटकली. बाकीची टनकच. सासऱ्यानं एक तोडलं, फोडलं, अर्धं खाल्लं, हयूहयू. अर्धं माह्या हातावर ठेवलं अन म्हने भाकर टाक पोरी. मले रडू आलं. पन तो तिथंच थांबला नाही, कुडाजवय गेला अन चार लोकायसमोर गोदाले म्हने, तू खोटारडी बाई आहेस, माह्या घरात पाय ठेवू नको. गोदानं माह्याकडे पायलं. मी खाली पायलं.

आता तुमाले खरं सांगतो. माहे हात जुळले होते. पयला थेंब ठेवला तवा, सवयीनं, लहानपनापासूनची सवय. देवाले नाही, पिकू दे बाप्पा येवढंच मनात होतं, पन जुळले होते. सांगतलं असतं तं त्यानं भाकर सोडली असती जलमाची, हे मले ठावूक होतं, म्हनून नाही सांगतलं. सासरा मांगच्या वर्सी गेला, शेवटचं पानी माह्याच हातचं पेला. त्याच्या मनात मी साफ होती. माह्या मनात नाही.

गोदा आमच्या अंगनात अजून येत नाही. दर वर्सी पयली पिकलेली फयं मी कुडावरून तिले देतो, ती घेते, कधी बोलली नाही त्याच्यावर, मीही नाही. दहा वर्सं झाली. तुमी लिहून राहिले तं हे लिवा, गोदानं जे पायलं ते खरं होतं. तिची पोरगी शायेत जाते, ते वाचून दाखवन तिले. माह्या तोंडून तं निघत नाही भाऊ. तुमचं भलं होवो.