नुसता रस्ता ओलांडला

काही झालंच नाही — परत एकदा म्हणा ना भाऊजी, मला नीट ऐकू द्या. उत्तरा जिवंत आहे, धडधाकट आहे, समोर बसून तोंड चालवतेय, म्हणजे काही झालं नाही. आणि तुमचा धाकटा भाऊ तुरुंगात का, तर बिचाऱ्यानं रस्ता ओलांडला म्हणून! वकिलानं पढवलंय ना हे? वाटलंच. हो, स्टेट लाइन रोड, आत्ता त्याच रस्त्यानं आलात की तुम्ही. अलीकडे आपण कॅन्सासमध्ये, पलीकडची दुकानं मिझुरीत. माझी पोर, सीमा, लहान असताना मधल्या पट्ट्यावर एक पाय इकडे, एक तिकडे टाकून उभी राहायची, मला ओरडावं लागायचं गाड्यांसाठी. कुमार पलीकडे केस कापायला जायचा, दूध आणायला जायचा — खरंय, सगळं खरंय. पण त्या दिवशी दूध आणायला नव्हता गेला. पलीकडच्या कॉफी शॉपमध्ये बसून बायकोला मारायचा सौदा करत होता.

कायदा मला नका सांगू, मला पाठ झालाय. आधी मीही म्हटलं होतं त्या एफबीआयच्या बाईला — अहो, मी तर मेले नाही, मग गुन्हा कसला? ती म्हणाली, मरावं लागत नाही. मोबदला देऊन कोणाला मारायला सांगायचं, आणि त्यासाठी एका राज्यातून दुसऱ्यात जायचं, नाहीतर फोन करायचा — बस, तिथंच गुन्हा झाला. चौऱ्याऐंशी सालचा कायदा आहे, दोन वर्षं झाली. रस्ता चार पावलांचा का असेना, पलीकडे राज्य दुसरं. आणि मोबदला काय दिला ठाऊक आहे? हे नसेल सांगितलं वकिलानं. पाटल्या. तुमच्या आईंच्या, मला लग्नात घातलेल्या. मी वेड्यासारखी शोधत होते, त्यालाच विचारलं, तर म्हणाला, तूच ठेवल्या असशील कुठेतरी, तुझं हल्ली लक्ष नसतं — आणि मला ते पटलं, भाऊजी! मला वाटलं, खरंच, माझं लक्ष नसतं. आता सरकारी वकिलाकडे आहेत पुरावा म्हणून, प्लास्टिकच्या पिशवीत. आईंना सांगा, सुखरूप आहेत.

चेष्टेत म्हणाला असेल? मी कोर्टात तसं सांगू? रागावला की कुमार असंच काहीबाही बोलतो, असं? रागावला असता तर बरं झालं असतं हो. मी टेप ऐकलीय. तो ज्याला मारेकरी समजत होता ना, तो एफबीआयचाच माणूस — त्याच्या खिशात यंत्र होतं. ती बाई आणि तिचा जोडीदार मला माझ्या पडद्यांच्या दुकानात भेटायला आले, मी कापड कापत होते. मला वाटलं, पडद्यांसाठी आलेत. मागच्या खोलीत नेऊन मला ऐकवलं. आवाज इतका शांत! ऑपरेशनच्या आधी पेशंटच्या नातेवाइकांशी बोलतो ना, अगदी तसा. म्हणाला, ती झोपेत असावी, तिला त्रास व्हायला नको. — मान काय हलवताय? दया वाटते तुम्हाला ही? भूल देणारा डॉक्टर, तो दुसरं काय म्हणणार!

आणि मुळात ही वेळ कोणी आणली? नाही, बसा. आता ऐकून घ्या. त्याची ती, ओमाहा शहरातली, मला दीड वर्षापासून माहीत होती. मीच म्हटलं, घटस्फोट घे, मोकळा हो, मी राहते सीमाला घेऊन. तर त्यानं तुम्हाला फोन लावला, या इथूनच, मी भांडी पुसत होते. तुम्ही काय म्हणालात? विसरलात? मी नाही विसरले. आई आहे तोवर आपल्या घरात घटस्फोट होणार नाही. फोन ठेवला आणि मला म्हणाला, दादा नाही म्हणतो. एवढा मोठा डॉक्टर, दोन गाड्या दारात — आणि दादा नाही म्हणतो! मग राहिलं काय त्याला? बायको मेलेल्या माणसाला मंडळातल्या बायका डबे आणून देतात, भाऊजी. घटस्फोट घेतलेल्याला गणपतीलाही कोणी बोलवत नाही. त्याचा हिशेब बरोबर होता, तुमच्याच घरचा होता.

मला बदला घ्यायचाय म्हणता? मला? मला त्यांनी बजावलं होतं, त्याला एक अक्षर कळू द्यायचं नाही. तो ओमाहाला गेलेला, कॉन्फरन्सला म्हणे. मला मोटेलवर नेऊन ठेवणार होते, म्हणजे त्यांचा माणूस त्याला काम झालं म्हणून सांगेल. सीमा मैत्रिणीकडे. गाडी दारात उभी, ती एफबीआयची बाई आत बसलेली, आणि मी म्हटलं, माझी गोळी राहिली — आणि घरात येऊन त्याला फोन लावला. हो. हॉटेलवर. म्हटलं, माझ्या पोटात फार दुखतंय रे, आज परत ये. तीन तासांचा रस्ता. आला असता ना, तर मी — तर मी त्या लोकांना सांगितलं असतं, जा, काही नाही, आमचं आम्ही बघू. आला असता तर. तो म्हणाला, गोळी घे आणि झोप. आणि मागच्या दाराची कडी लावू नकोस, सकाळी लवकर प्लंबर येणार आहे.

आणि मी गेले आणि कडी काढली.

मला ठाऊक होतं कोण येणार ते, आणि तरी काढली! अठरा वर्षं तो सांगेल ते करायची सवय, हातच गेला. मग गाडीत जाऊन बसले. गोळी मिळाली का, त्या बाईनं विचारलं. मी हो म्हटलं.

हे मी कोणाला बोलले नव्हते. त्या बाईलाही नाही. ... असे काय बघताय? कळलं. वकिलाला सांगणार — उत्तरानंच परत बोलावलं होतं, तिलाही तो सुटायला हवाय. सांगा. खुशाल सांगा. मग मला कोर्टात उभी करतील आणि विचारतील, तो काय म्हणाला, आणि मी तेही सांगेन, शब्दन् शब्द, आणि तुम्ही पहिल्या रांगेत बसून ऐका. रडताय? रडू नका इथे. माझ्यासाठी नाही रडत तुम्ही, मला माहीत आहे.

उठा. ती बॅग घ्या. कोपऱ्यावर गॅस स्टेशन आहे, पेट्रोल पंप, तिथून टॅक्सी बोलवा.

काय गं सीमा? ... नाही, मी ओरडत नाहीये. काका निघालेत. नाही, जेवायला थांबत नाहीयेत.