कोणाचं जास्त बरं चाललंय?

अहो, परवा कुवेतमधल्या सालमिया भागातल्या आमच्या घरी जेवणावरून उठून मारामारी व्हायचीच बाकी होती. माझ्या ऑफिसातले दोघं अमेरिकन, मॅन्युएल आणि रिक, जेवायला आले होते. मॅन्युएलचे आजोबा स्पेनचे. रिकला मूळ कुठलं विचारलं, तर म्हणतो, "अमेरिकन, बस्स."

मॅन्युएल म्हणाला, "तिकडे अमेरिकेत आम्ही स्पॅनिश वंशाचे लोक तुमच्यापेक्षा जास्त शिकलेले, जास्त कमावणारे."

रिक भडकला. "आमची स्वतःची घरं आहेत, जमिनी आहेत!"

आवाज चढत गेले, आमटी गार झाली. शेवटी बायकोने विचारलं, "दोघांचं इतकं छान चाललंय, तर या कुवेतच्या उन्हात कशाला आलात?"

मग रिकने हळूच विचारलं, "आणि तुम्ही?"

ती म्हणाली, "आमचं छान चाललंय, असं आम्ही कुठे म्हटलं?"